बॉनेटवरचा अनुस्वार

मोटारीतले मला काही म्हणजे काही कळत नाही. रस्त्यात आमची गाडी बंद पडली, की मी पर्समधले पुस्तक काढून वाचत बसते आणि घरातली पुरुषमंडळी बॉनेट उघडून आत पाहत उभी राहतात. त्या नुसत्या पाहण्याने आजवर एकदाही गाडी सुरू झालेली नाही, एवढेच माझे या विषयातले संशोधन. असे असूनही गेल्या सुट्टीत एका मोटारीच्या बॉनेटविषयी माझे मत गंभीरपणे विचारण्यात आले आणि त्यापायी मला दोन रात्री नीट झोप लागली नाही, हे सांगितले तर कॉलेजातल्या माझ्या विद्यार्थिनी हसतील.

माझा धाकटा भाऊ इंग्लंडात कॉव्हेंट्रीला असतो. ब्रिटिश मोटारधंद्याचे हे माहेरघर. त्या हवेचा गुण म्हणा किंवा लहानपणी घरातली घड्याळे खोलायची त्याची खोड म्हणा, या गृहस्थाने घराशेजारच्या गॅरेजात स्वतःच्या हाताने एक मोटार बांधली आहे. दोन माणसांची, बिनछपराची आणि जमिनीला इतकी लगटून चालणारी, की तीत बसणे म्हणजे पंगतीला पाटावर बसणे! साडी नेसून तीत शिरता येते. बाहेर येता येत नाही.

घरी मोटार बांधण्याचा हा नाद तिकडे जुना आहे आणि त्याचे मूळ हौसेत नसून करात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर जबर खरेदी-कर असे. सुट्या भागांच्या संचावर तो नसे. तेव्हा लोक सुटे भाग घेत आणि घरी जोडत. १९५७ साली आलेली ‘लोटस सेव्हन’ ही त्यांतली सर्वांत गाजलेली. सोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर सवलत जायची, म्हणून मोटार सुटी कशी करावी याच्या सूचना देत आणि गिऱ्हाईक त्या शेवटाकडून वाचत जाई, अशी गोष्ट तिकडचे शौकीन मोठ्या चवीने सांगतात. १९७३ साली खरेदी-कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि सवलतीचे कारण संपले. नाद मात्र राहिला तो राहिलाच.

कारण संपले तरी वस्तू राहते, हीच आजच्या माझ्या कथेची गोम आहे.

भावाच्या मोटारीचे बॉनेट फायबरग्लासचे. त्याच्या मधोमध एक उंचवटा, पुढच्या अंगाने उघडा. बेडकाने जांभई द्यावी तसा. त्याला म्हणतात स्कूप. पहिल्या इंजिनाच्या डोक्यावर कार्बुरेटर होता आणि त्याच्यावर हवेची गाळणी. ती बॉनेटला टेकत होती, म्हणून तिथे भोक पाडले आणि भोकावर हे झाकण बसवले. त्याच्या तोंडातून बाहेरची गार हवा थेट कार्बुरेटरला मिळे. पुढे ते इंजिन जायबंदी झाले आणि त्याच्या जागी नवीन आले. या इंजिनात इंधन बारीक फवाऱ्याने आत जाते, कार्बुरेटरच नाही. हवा रेडिएटरशेजारच्या नळीतून येते. म्हणजे स्कूपखाली आता काहीच नाही. नाक आहे, पण श्वास नाही.

“मग असू दे की! खायला का मागतोय?” मी म्हटले.

“खायला नाही मागत, ताई, पाणी पितो. हे इंग्लंड आहे. पाऊस सरळ आत येतो, आणि नव्या इंजिनाच्या कॉइल्स नेमक्या त्याच्या तोंडाखाली आहेत. दोनदा गाडी रस्त्यात बंद पडली.”

“पण वेगात हवा आत ढकलली जाऊन ताकद तरी वाढत असेल?”

तो हसला आणि पाठकोऱ्या कागदावर त्याने गणित मांडले. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरच्या हवेचा जो जादा दाब मिळतो, तो वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. “म्हणजे तेव्हाही फायदा काय तो गार हवेचा. बाकी सगळा रुबाब!”

उपाय चार होते. खालून ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट मारून बसवायचा आणि वरचा उंचवटा नुसता दिखाऊ ठेवायचा. पण स्कूपच्या तोंडात मग पाण्याचे तळे साचणार. स्कूप उलटा बसवून आतली गरम हवा बाहेर काढायची. पण त्याचे तोंड मग समोरच्या काचेच्या पायथ्याशी येणार, आणि तिथे चालत्या गाडीत हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे हवा बाहेर जाण्याऐवजी आतच घुसायची. तिसरा उपाय नवे बॉनेट, म्हणजे पैसा. आणि चौथा, करवतीने स्कूप कापून काढायचा, भोकाच्या कडा खालच्या अंगाने लांब उतरत्या घासायच्या, काचतंतूंची चटई राळेत भिजवून थरावर थर द्यायचे आणि वरून घासूनपुसून रंग लावायचा.

“हे घाईनं केलं ना, तर राळ मागाहून आवळते आणि उन्हात जुन्या भोकाची कड रंगाखालून दिसायला लागते,” तो म्हणाला.

“मग सावकाश कर. त्यात मला काय विचारायचं?”

तो पाना पुसत राहिला. मग तोंड न वळवता म्हणाला, “हा स्कूप अण्णांनी घासलाय.”

तेव्हा मला आठवले. २०१९ च्या उन्हाळ्यात अण्णा तीन महिने त्याच्याकडे गेले होते. हयात मराठीच्या मास्तरकीत गेलेली, रिकामे बसवेना. भावाने त्यांच्या हातात पॉलिशपेपर दिला. घरी बांधलेली मोटार तिकडे सरकारी तपासणीतून उतरावी लागते, आणि तीत बाहेरच्या भागांना धारदार कड असून चालत नाही. कडेची गोलाई किमान अडीच मिलिमीटर लागते. इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर अण्णांच्या अंगात शाळा-तपासणीचा जुना ज्वर भरला. अकरा दिवस ते स्कूपची कड घासत होते. दर दहा मिनिटांनी डोळे मिटून अंगठा फिरवून पाहत होते. मोटार पास झाली. घरी परतल्यावर अण्णांनी साऱ्या पेठेला सांगितले, “आम्ही पहिल्याच फटक्यात पास!” २०२२ साली अण्णा गेले.

मी लगेच म्हणाले, “मुळीच कापायचा नाही.” हे म्हणायला मला काय जात होते? मुलींना बापाच्या वस्तू जपायच्या असतात आणि जागा भावाची अडवायची असते!

रात्री मात्र अण्णांची पत्रे आठवू लागली. ‘तुझें पत्र पोंचलें. घरांत सर्व क्षेम आहे. कांहीं काळजी करूं नये.’ ओळीओळीवर अनुस्वारांचा सडा. अण्णा शाळेत शिकले ते जुन्या शुद्धलेखनाच्या जमान्यात. ‘नांव’, ‘पांच’, ‘केळें’ यांवरचे टिंब चुकले म्हणून त्यांनी छड्या खाल्लेल्या. त्या टिंबांनाही एके काळी काम होते. जुन्या भाषेतला नाकातला उच्चार ती दाखवीत. उच्चार गेला, टिंब राहिले. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, आणि १९६३ साली अण्णा मास्तर झाले. ज्या टिंबांसाठी मार खाल्ला, तीच टिंबे त्यांना पोरांच्या वह्यांत तांबड्या शाईने खोडावी लागली.

मी एकदा त्यांना विचारले होते, “वर्गात खोडता आणि पत्रात देता, असं कसं?”

अण्णा म्हणाले होते, “वर्ग पोरांचा असतो. तिथं त्यांना जे लागतं तेच शिकवायचं. पत्र आपलं असतं.” आणि मग मास्तरांचा स्वर लागला, “शिवाय अनुस्वार काही वाया गेला नाही. पूर्वी ‘घरांत’ म्हणजे एक घर की दहा, ते कळत नसे. आता ‘घरात’ म्हणजे एका घरात, ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. जुन्या नोकराला नवं काम मिळालं!”

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी भावाला म्हणाले, “काप.”

त्याने माझ्याकडे असे पाहिले, की एवढ्याचसाठी तो थांबला होता. “बघ हं, तू म्हणालीस!”

“मी नाही, अण्णाच म्हणाले असते. रस्त्यावर बंद पडणारी गाडी त्यांनी पास केली नसती.”

आम्ही दोघांनी मिळून ते काम केले. त्याने चिकटपट्टी लावून रेघ आखली. मी पलीकडची बाजू धरली. करवतीचा आवाज कर्कश, धुळीने अंग खाजत होते, तोंडावर फडके बांधलेले. रडायला सवडच नव्हती. शेवटचा तुकडा सुटला, तेव्हा स्कूप माझ्या हातात आला. इतका हलका असेल असे वाटले नव्हते. मी नकळत कडेवरून अंगठा फिरवला. वरची कड, अण्णांची, लोण्यासारखी मऊ होती. खालची, आत्ता कापलेली, हाताला टोचत होती. ती भावाने तिथेच बसून घासून दिली.

“ही भाऊबीजेची ओवाळणी. आधीच देऊन ठेवतो,” तो म्हणाला.

मुंबईच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्याने ती ओवाळणी उलटीपालटी करून विचारले, “बाई, हे काय आहे?” मराठीची प्राध्यापिका असून मला चटकन शब्द सुचला नाही.

आमच्या न्हाणीघराच्या झरोक्यातून पावसाळ्यात पाणी येई. त्यावर आता तो स्कूप तोंड खाली करून बसवला आहे. यंदाच्या पावसात एक थेंब आत आला नाही.

परवा भावाने बॉनेटचा फोटो पाठवला. तिरक्या उन्हात, तांबड्या रंगाखाली, जुन्या भोकाची कड पुसटशी दिसत होती. “घाई झाली वाटतं. पुन्हा घासून रंग देऊ का?” त्याने विचारले होते.

मी कळवले, “राहूं दे.” ‘हूं’वरचे टिंब मुद्दाम दिले.