सहस्रधारेतील एकवीस दिवस

इंदूरच्या मराठी घरांतून महेश्वरला जाण्याची कारणे ठरलेली असतात : अहिल्याबाईंचा वाडा पाहावयाचा, घाटावर स्नान करावयाचे आणि परतताना एखादे महेश्वरी लुगडे घ्यावयाचे. आम्ही दोघी बहिणी गेल्या हिवाळ्यात तेथे गेलो, ते मात्र कयाक नावाची होडी शर्यतीसाठी चालवावयास शिकण्याकरिता. घाटांपासून थोड्या अंतरावर सहस्रधारा आहे. काळ्या खडकांच्या विस्तारावर नर्मदा तेथे असंख्य धारांनी फुटते. सहस्रार्जुनाने हजार हातांनी तिला अडविले व ती त्याच्या बोटांतून निसटली, अशी कथा सांगतात. २०२३ च्या आरंभी खेलो इंडिया युवक स्पर्धांतील स्लॅलमच्या शर्यती याच धारांत झाल्या. त्या आम्ही काठावरून पाहिल्या आणि तेव्हापासून घरात आमची भुणभुण सुरू झाली.

वडिलांनी संमती दिली, आईने अटी घातल्या. आजी मात्र गप्प होती. तिने तरुणपणी नर्मदेची पायी परिक्रमा केली आहे. आणि परिक्रमेत नर्मदा ओलांडावयाची नाही, हा नियम सर्वांत कडक. निघताना तिने एवढेच विचारले, “काय गं पोरींनो, तिकडे दिवसातून किती वेळा ओलांडावी लागते?” आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते.

खेळ सांगावयास सोपा आहे. प्रवाहावर आडव्या तारा बांधून त्यांना खांब टांगलेले असतात. दोन खांबांमधील जागा म्हणजे एक दार. अशी १८ ते २५ दारे क्रमाने पार करावयाची. हिरवी-पांढरी दारे प्रवाहाबरोबर, तांबडी-पांढरी प्रवाहाविरुद्ध. खांबास वल्हे लागो की खांदा, २ सेकंद दंड. दार चुकले तर ५०. सारी शर्यत दोन मिनिटांच्या आसपास संपते, तेव्हा ५० सेकंद म्हणजे काय, हे वाचकांनीच समजून घ्यावे.

परंतु पहिला आठवडा आम्हांला एकही दार दिसले नाही. संथ पाण्यात उलटे होणे, एवढाच अभ्यास! होडीत बसल्यावर कमरेभोवतीची रबरी झालर होडीच्या तोंडाला घट्ट बसवितात, म्हणून आत पाणी शिरत नाही. आणि म्हणूनच होडी उलटली की आपणही तिच्याबरोबर उलटे. अशा वेळी वल्हे पाण्याच्या पृष्ठभागालगत फिरवावयाचे, कमरेच्या झटक्याने होडी सरळ करावयाची आणि डोके सर्वांत शेवटी बाहेर काढावयाचे. सारी मेख या शेवटच्या शब्दात आहे. बुडणाऱ्या माणसाला प्रथम डोकेच वर हवे असते. आणि डोके आधी उचलले की त्याच्या भाराने होडी पुन्हा उलटते. आमचे प्रशिक्षक काठावरून दिवसभर एकच ओरडत, “डोके मागाहून!” डिसेंबरातील सकाळचे ते पाणी नाकात शिरून मस्तकापर्यंत झोंबे. धाकटीला ही युक्ती चौथ्या दिवशी साधली, थोरलीला सातव्या.

मग आम्ही धारेजवळ गेलो. तेथे पहिला तासभर खडकावर बसून वाळकी पाने पाण्यात टाकावयाची होती. हा कसला व्यायाम, असे आम्हांस वाटले. पण खडकाच्या पाठीशी गेलेले पान खाली न जाता उलटे वर येताना पाहिले आणि डोळे उघडले. तांबडी दारे अशाच जागी टांगतात. जोर करणारा तेथे दमतो. पाणी ओळखणारा त्या उलट्या प्रवाहावर बसून वर येतो. पाणीही रोज तेच नसे. वर ओंकारेश्वरचे धरण आहे. तेथून सुटणाऱ्या पाण्यावर धारेची उंची ठरते. काल पाठ केलेला खडक आज बुडालेला असे.

पंधराव्या दिवशी थोरलीची होडी ऐन धारेत उलटली. तिने दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा डोके आधी उचलले. अखेर झालर सोडून ती बाहेर पडली. गुडघा खडकावर आपटला होता. जखम फार नव्हती. पण पुढील तीन दिवस ती होडीकडे फिरकली नाही. रात्री आम्ही एकाच पांघरुणात जाग्या असू आणि दोघीही झोपेचे सोंग घेऊ. धाकटीला तर आपली प्रगती झाल्याची लाज वाटू लागली होती. चौथ्या दिवशी सायंकाळी थोरली आपण होऊन म्हणाली, “चल, होडी धर.” संथ पाण्यात धाकटी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि थोरली वीस वेळा उलटी होऊन सरळ झाली. आकडे धाकटीने मोजले; दुसरे काही बोलणे झाले नाही.

एकविसाव्या दिवशी निवड-चाचणी होती. धाकटीने तीन खांबांना स्पर्श केला, पण दार एकही चुकविले नाही. थोरलीचे नववे दार, तांबडे, चुकले. परत वर जाण्याच्या खटपटीत होडी उलटली. काठावर उभ्या असलेल्या धाकटीने श्वास रोखला. प्रथम वल्हे दिसले, मग होडीची कड, आणि सर्वांत शेवटी डोके. उरलेली दारे घेऊन ती खाली पोहोचली, तेव्हा तिच्या मागे एकच नाव उरले होते. धाकटी निवडली गेली, थोरली नाही. परतीच्या गाडीत थोरलीने खिडकीकडे तोंड करून थोडे रडून घेतले. मानपूरचा घाट येईतो आम्ही दोघी शेंगदाणे खात होतो.

घरी आल्यावर आजीने तोच प्रश्न पुन्हा विचारला. आम्ही हिशेब केला : दिवसाला निदान चाळीस वेळा. अर्थात धार ओलांडणे म्हणजे नदी ओलांडणे नव्हे, असा बचावही धाकटीने करून पाहिला.

“आणि दर वेळी नमस्कार केलात का गं?”

“केला ना आजी,” थोरली म्हणाली, “डोके खाली घालून.”

आजीने जपमाळ बाजूला ठेवली आणि पुढची चाचणी कधी आहे, ते विचारले.