बहुला राहिलाच

देवळालीने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे, आणि तोही डोके फिरल्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथल्या छावणीत पडून असत. सैनिकी जहाजे साधारणपणे हिवाळ्यातच सुटत. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाशी संपली त्याला कित्येक महिने येथेच काढावे लागत. लढाई नाही, काम नाही, वर ऊन आणि हिवताप. त्यातून काहींचे जे व्हायचे त्याला बराकीत ‘डूलॅली टॅप’ म्हणू लागले. डूलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला साधा ताप.

आम्ही दोघे आईला घेऊन देवळालीला जात होतो ती वर्षे 2007 ते 2013. आईचा दमा मुंबईच्या हवेत बळावला होता, आणि एका स्नेह्यांच्या ओळखीने लॅम रोडच्या बाजूला एका सॅनेटोरियममध्ये दोन खोल्या मिळत. दिवाळी झाली की पंधरा दिवस. देवळालीची हवा छातीला मानवते हा समज जुनाच. पारशी, गुजराती, कच्छी समाजांनी येथे आरोग्यभवने बांधली ती त्याच समजापोटी. उंच छत, रुंद ओसरी, ओसरीत वेताच्या खुर्च्या आणि खुर्च्यांत वाट पाहणारी माणसे. कशाची, ते कोणी बोलून दाखवत नसे. जहाज मात्र नव्हते.

पण ओसरीत नुसते बसणे आम्हाला जमेना. पहिल्याच वर्षी आम्ही आसपासच्या ‘प्रेक्षणीय स्थळां’ची यादी केली, दिवस आखले, भाड्याची गाडी ठरवली. एका दिवसात जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी ठिकाणे नाशिकच्या भोवती इतकी आहेत की पंधरा दिवस अपुरे पडावेत. आईने यादी पाहिली आणि एवढेच विचारले, “यात दम खायला बाक कुठे कुठे आहेत रे?” तो विनोद आहे असे आम्हाला वाटले.

पांडवलेणी यादीत पहिली. पायथ्यापासून दोनशेच्या आसपास पायऱ्या. त्या वर्षी आई सगळ्या चढली. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, ओसरी खांद्यांवर पेलणारे सहा यक्ष पाहून झाल्यावर, आम्ही तिला गौतमी बलश्रीच्या लेखाविषयी सांगू लागलो. सांगण्याचा आमचा उत्साह तेव्हा जरा अधिकच होता. लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षातला आहे. लेणे दान देणारी बलश्री स्वतःला महाराजाची माता आणि महाराजाची पितामही म्हणवते, आणि मग आपल्या पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन करते. त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यालेले आहे. तो विंध्य, पारियात्र, सह्य, मलय, महेंद्र अशा पर्वतांचा स्वामी आहे. प्राचीन भूगोलाच्या अभ्यासकांना हा लेख अमूल्य वाटतो तो या नावांमुळे.

आईने विचारले, “तेव्हा हा मुलगा होता का?”

“नाही. नातवाचे राज्य चालू होते.”

“मग बरोबर आहे,” ती म्हणाली. “नावं घेत बसली असेल.”

त्या लेखावर आम्ही नंतर बरेच वाचले. राजकीय प्रशस्तीचा उत्तम नमुना म्हणून त्याचे विश्लेषण होते, आणि ते योग्यच आहे. तरी आईचे ते वाक्य कोणत्याही टीपेत बसवता आले नाही.

पुढच्या वर्षी आई निम्म्या पायऱ्यांवर थांबली. त्याच्या पुढच्या वर्षी गाडीतून उतरून पायथ्याशीच बसली आणि म्हणाली, “तुम्ही जाऊन या.” आणि आम्ही गेलो. लिहायला संकोच वाटतो, पण गेलो. पाहून झालेली लेणी पुन्हा पाहायला. उतरलो तेव्हा ती एका कणीसवालीशी तिच्या सुनेच्या बाळंतपणाविषयी बोलत होती आणि आम्ही इतक्या लवकर का आलो असे तिच्या चेहऱ्यावर होते.

त्र्यंबक, अंजनेरी, भंडारदऱ्याचा जलाशय हे सगळे झाले. त्यांची वर्णने इतरत्र भरपूर आहेत. ब्रह्मगिरीच्या पायऱ्या आम्ही तिला दाखवल्याच नाहीत, हा आमच्यातला पहिला शहाणपणा. यादीतले एकेक नाव दर वर्षी गळत होते आणि ते का गळते याचा उच्चार आम्ही तिघेही टाळत होतो. “तिकडे फार गर्दी असते,” असे म्हणायची रीत पडली.

उरले ते नांदूर-मध्यमेश्वर. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी बंधारा आहे. त्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाण्याची बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळ्यात पाखरे उतरू लागली. 2020 मध्ये त्याचा रामसर दर्जा जाहीर झाला, महाराष्ट्रातले असे पहिले पाणथळ. आम्ही जात होतो तेव्हा त्याचा एवढा गवगवा नव्हता. चढ नाही, पायरी नाही. हात थरथरत असल्यामुळे आईला दुर्बीण स्थिर धरता येत नसे. तेथल्या एका पक्षीमार्गदर्शक मुलाने तिपायीवरची मोठी दुर्बीण तिच्या बसल्या उंचीला आणून लावली. “आजी, आता हलू नका. तो केशरी दिसतोय तो चक्रवाक.”

आईने शाळेत संस्कृत शिकवलेले. रात्री जोडीदारापासून ताटातूट होऊन पैलतीरावरून आक्रोश करणारा चक्रवाक तिने पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांना समजावून दिला होता. ती बराच वेळ पाहत राहिली.

“हाच तो? अगदीच बदक आहे रे हे.”

मग थोड्या वेळाने, “पण दोघे एकत्र आहेत.” दुपारचे साडेअकरा वाजले होते. रात्रीचे कोणी पाहिले आहे?

आता बहुला. देवळालीच्या खंडोबाच्या टेकडीवरून पश्चिमेला पाहिले की डोंगरांच्या ओळीत एक कातळमाथ्याचा डोंगर वेगळा उठून दिसतो. 1818 मध्ये त्र्यंबकगड पडल्यावर पाठोपाठ इंग्रजांना शरण गेलेल्या सतरा किल्ल्यांपैकी हा एक. आज तो तोफखान्याच्या सरावक्षेत्रात येतो, म्हणून एरवी तेथे जाता येत नाही. फाळणीनंतर तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र देवळालीत आले. तेव्हापासून तोफांचा आवाज हा गावच्या हवेचाच भाग आहे. ओसरीतल्या खिडक्यांची तावदाने थरथरत आणि आई हातातले विणकाम न थांबवता मोजत असे. सतरा. अठरा. “आज सुट्टी दिली वाटतं पोरांना लवकर.”

नेमका तोच डोंगर तिला हवा होता. दर वर्षी विचारायची, “त्याला कधी न्यायचं?” शेवटच्या वर्षी, पायऱ्यांचा प्रश्नच उरला नव्हता तेव्हा, आम्ही गाडी आंबेबहुल्याकडे घेतली. गाव ओलांडून थोडे पुढे लाल निशाण लावलेले होते आणि एका जवानाने हात करून थांबवले. आत बसलेल्या आईला पाहून तो वाकला. “माँजी, आज फायरिंग है.” आई म्हणाली, “अच्छा, अच्छा, करो.” जणू तिच्याच परवानगीसाठी खोळंबले होते.

गाडी वळवण्याआधी पाच-दहा मिनिटे तेथेच उभे राहिलो. बहुला समोर होता. कडा, कड्यावरचे वाळलेले गवत, एक घार. “दुरून डोंगर साजरे म्हणतात,” आई म्हणाली, “हा इथूनही तेवढाच आहे.” तिला धाप लागली नव्हती. चालली नव्हतीच ती.

2014 च्या दिवाळीआधी आई गेली. सॅनेटोरियमच्या व्यवस्थापकांनी सवयीने खोल्या राखून ठेवल्या होत्या. फोन करून नको म्हणून सांगावे लागले.

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका गिर्यारोहक मित्राने विचारले, फायरिंग नाही असा रविवार पाहून काही मंडळी रीतसर विचारपूस करून बहुल्यावर जात आहेत. कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत, तुम्हाला झेपेल, येता का? आम्ही एकमेकांकडे पाहिले. गुडघ्यांचे कारण सांगितले, आणि ते अगदीच खोटे नव्हते.

त्या रविवारी आम्ही नांदूर-मध्यमेश्वरला गेलो. चक्रवाक आले होते.