सूर्यास्तापूर्वीचे ताट

मुंबईकरास उत्तम भोजनस्थळ विचारावे, तर तो तत्काळ नावे सांगतो : काळबादेवीचे १९४५ पासूनचे ठाकर भोजनालय, ताडदेवचे १९६३ पासूनचे स्वाती स्नॅक्स, तिथलेच सरदार पावभाजी. आम्ही तेरची जैन मंडळी मात्र दोनच गोष्टी विचारतो : कंदमुळाशिवाय मिळेल का, आणि सूर्यास्तापूर्वी मिळेल का?

पहिल्याचे उत्तर या शहराने केव्हाच दिले आहे. ‘जैन’ एवढे म्हणावे, की पावभाजीत बटाट्याच्या जागी कच्चे केळे येते. (केळीच्या पानातील पानकीतही आले आहे का, हे आई विचारतेच.)

दुसरा प्रश्न बिकट. डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा बहुतेक भटारखाने रात्रीच्या गर्दीची तयारी करीत असतात. आईच्या उपचारांच्या पंधरवड्यात रुग्णालयातून सुटायला पाच वाजत, आणि औषध तर जेवणानंतरचेच. दोन सायंकाळी ती उपाशी निजली. नियम मोडा, असे तिला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या सुनेने एका धर्मशाळेची भोजनशाळा दाखवली. साधा वरणभात, पडवळाची भाजी, आणि घड्याळाकडे पाहत घाईने वाढणारे आजोबा.

तेरहून कुणी उपचारांसाठी निघाले, की मी प्रथम तोच पत्ता लिहून देतो; ठाकरांचा नंतर.