साठ रुपयांचं पिस्तूल

मंडळी, आज थोडं लांब लिहितोय. चहा घेऊन बसा.

आमच्याकडे, म्हणजे पेपरवाल्यांकडे, हल्ली पोलिसांची एक प्रेसनोट ठरलेल्या साच्यात येते. 'पिस्तूलसदृश वस्तू हातात धरून सोशल मीडियावर स्टेटस ठेवून दहशत निर्माण केल्याप्रकरणी...' पुढं शस्त्र अधिनियमाचं कलम ३ आणि २५, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ३७ आणि १३५. मग नाव, वय, गल्ली. ती 'सदृश वस्तू' कधी सिगारेटचा लायटर निघते, कधी प्लास्टिकचं खेळणं, कधी छर्ऱ्याचं एअर पिस्तूल. कधी खरोखरचा गावठी कट्टाही असतो, त्यामुळं पोलिसांच्या नावानं बोटं मोडणारी ही पोस्ट नाही. दहा फुटांवरून कट्टा कुठला आणि खेळणं कुठलं हे पारखत बसायला हवालदाराला वेळ नसतो.

पण 'छर्ऱ्याचं पिस्तूल' हा शब्द प्रेसनोटमध्ये वाचला की माझं लक्ष वर माळ्याकडं जातं. कारण तिथं एका पत्र्याच्या पेटीत तसली दोन पडलेली आहेत. तिसऱ्याचे नुसते सुटे भाग.

पहिलं आलं १९९२ च्या उन्हाळ्यात. मी तेरा वर्षांचा. वडील नवी पेठेत कापड दुकानात सेल्समन, आणि आम्ही पाठीमागच्याच एका वाड्यात भाड्यानं. मामा पुण्याला. सुट्टीत त्याच्याकडं गेलो की एका रविवारी तो मला जुन्या बाजारात न्यायचा. कुंभारवेशीजवळ, नदीकाठी, रविवारी आणि बुधवारी भरणारा तो बाजार ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. पितळी नळ, घड्याळाची मशीन, मोटारीचे आरसे, सगळं जमिनीवर पोत्यावर मांडलेलं. तिथं एका म्हाताऱ्यापुढं ते पडलं होतं. काळा रंग उडालेला, ठसा घासून गेलेला, मुठीवर गंज. म्हातारा दीडशे म्हणाला. मामानं पाठ फिरवली. साठला मिळालं.

नंतर कळलं की ते किंवा त्याची नक्कल म्हणजे 'गॅट' जातीचं पिस्तूल. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात पोरांसाठी स्वस्तात निघालेलं. ह्याचं तंत्र मजेशीर. नळीच आत ढकलायची. नळीचं तोंड भिंतीला टेकवून सगळं अंग टाकून रेटलं की आतली स्प्रिंग दबते आणि 'कट्' असा आवाज येऊन अडकते. मग मागचा स्क्रू फिरवून काढायचा, छर्रा ठेवायचा, स्क्रू परत बसवायचा. छर्रा म्हणजे शिशाचा, कमरेत बारीक, डमरूसारखा, साडेचार मिलिमीटरचा. चाप ओढला की नळी फाडकन पुढं उडी मारते. आता जी नळीच उडी मारते तिच्यातून नेम काय लागणार? एका गोळीला दीड मिनिट, आणि दहा पावलांवरचा डबा चारातून एकदा. तेवढ्या वेळात चोर टिळक चौक ओलांडून चाटी गल्लीत पोचला असता.

आप्पांनी (वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो) ते उलटसुलट बघितलं आणि नियम घातला. माळवदावरच चालवायचं. दुपारी, खाली बायका वाळवणं घालून आत गेल्यावर. तोंड कायम उत्तरेच्या भिंतीकडं. भरलेलं असो की रिकामं, माणसाकडं रोखलं की त्याच क्षणी ते आडात. वाड्यात आड होता आणि आप्पा बोलल्यासारखं करायचे, त्यामुळं हा नियम मोडायचा विचारसुद्धा कधी डोक्यात आला नाही. पाखरांवर चालवायचं नाही हाही नियम होता, पण त्याची गरज नव्हती. त्या पिस्तुलानं चिमणी मेली असती तर ती हसून हसून मेली असती.

लक्ष्य म्हणजे काय, तर डालड्याचा चौकोनी डबा. पुढची बाजू कापलेली, आत टॉवेलची कात्रणं ठासून भरलेली. सोलापुरात टॉवेलच्या कात्रणाला काय तोटा! एका ओळखीच्या कारखान्यातून पोतंभर फुकट यायचं. छर्रा त्यात रुतायचा, उसळी मारून अंगावर येत नव्हता. पुढं चिकटवायला पुठ्ठा नवी पेठेचाच. रात्री साडेआठला दुकानं बंद व्हायच्या वेळी शर्टांच्या खोक्यांतले पुठ्ठे बाहेर फेकलेले असायचे, ते गोळा करायचे. त्यावर वाटी ठेवून गोल काढायचा, मध्ये रुपयाचं नाणं ठेवून आणखी एक. झालं.

वाड्यात एक हवालदार भाड्यानं राहायचे. मोठ्या मिशा, चौकीत दरारा. एका दुपारी वर आले, बघत उभे राहिले. म्हणाले, "आण इकडं." पाच छर्रे मारले, पाचही भिंतीत. मिशीवरून हात फिरवला, "स्प्रिंग गेलीय रे ह्याची," आणि जिना उतरले. दुसऱ्या दिवशी परत आले. पुढं महिनाभर ड्युटी नसली की यायचे. ते पिस्तूल 'सदृश' आहे का, ह्याची चौकशी त्यांना सुचली नाही.

स्प्रिंग खरंच गेली, पण दोन वर्षांनी. आणि चामड्याचा वॉशर वाळून चरे पडले. इथं खरी मजा सुरू झाली. एअर पिस्तुलात दारू नसते, हवा दाबणारा दट्ट्या असतो, आणि हवा सुटू नये म्हणून त्याच्या तोंडाला वॉशर. तो वाळला की पिस्तूल नुसतं खोकतं. अशोक चौकाकडं यंत्रमागावर जॉबर असलेले एक तेलुगू अण्णा होते. त्यांनी मागाच्या भंगारातल्या स्प्रिंगा काढून, एकेक आत घालून बघून, तिसरी बसवली. कापताना म्हणाले, "एवढी ताकद कशाला पायजे बे तुला? धोटा मारायचाय का?" वॉशर चपला शिवणाऱ्या मामांनी कापून दिला, आठ आण्यात. शिलाई मशीनच्या तेलात रात्रभर भिजवला. सकाळी माळवदावर पहिला बार टाकला तेव्हा पुठ्ठ्याला आरपार भोक. त्या दिवसाइतका मी दहावीच्या निकालाला खूष नव्हतो.

दुसरं पिस्तूल कॉलेजात मिळालं. नळी मोडून भरायचं, जर्मन 'डायना'ची देशी नक्कल. मित्राला माझ्या सायकलचं नवं कॅरिअर आणि वर शंभर रुपये दिले. नळी जागेवर थांबत असल्यामुळं ह्याचा नेम बरा होता. तिसरं भंगारवाल्याकडून वजनावर घेतलं, ते कधी चाललंच नाही.

खरं तर बंदुकीचं हे वेड आपल्याकडं गड्ड्यातून लागतं. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वज, अक्षता सोहळा, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम, आणि कडेला फुगे फोडायचे स्टॉल. माझ्या लहानपणी रुपयाला पाच छर्रे. स्टॉलवरच्या बंदुकीची माशी जरा वाकडी असते अशी आमची सगळ्यांची पक्की समजूत, त्यामुळं डावीकडच्या फुग्यावर धरून उजवीकडचा फोडायचा. त्या काळातल्या कित्येक देशी एअर रायफलींवर 'आयएचपी' असा ठसा असायचा. म्हणजे इंडियन ह्यूम पाईप. मुळात सिमेंटचे पाईप करणारी कंपनी, तिनं एअर रायफलीही काढल्या. आणि १९२६ ची ही कंपनी कुणाची? वालचंद हिराचंदांची. विमानाचा, जहाजाचा, मोटारीचा कारखाना काढणारा हा माणूस १८८२ साली आपल्या सोलापुरात जन्मला. वालचंद कॉलेजात शिकलेल्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी सांगेलच. छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो. त्याला ताकद लागत नाही. आणि जोरदार एअरगन घेऊन माळावर होले, ससे मारत फिरणारे आपल्या जिल्ह्यात पूर्वीही होते. नान्नजच्या माळढोकासाठी १९७९ ला अभयारण्य करावं लागलं, तो माळ कशाकशानं रिकामा झाला ही वेगळी लांब गोष्ट आहे, पण बंदूक त्यात आहेच. तिकडं अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून लोकांनी आपणहून एअरगन सरकारजमा करण्याची मोहीम चालली, जंगलातला पक्ष्यांचा आवाज परत यावा म्हणून. मला ती मोहीम पटते. माझ्या पिस्तुलाशी तिचा संबंध जोडला तर मात्र हसू येतं.

मागच्या महिन्यात आमच्या जुन्या वाड्याच्या गल्लीतली एक बाई घरी आली. मुलगा सतरा वर्षांचा. ऑनलाइन मागवलेलं छर्ऱ्याचं पिस्तूल, दिसायला हुबेहूब सिनेमातलं, मित्राच्या वाढदिवसाच्या रीलमध्ये हातात. उचलून नेलं, संध्याकाळी समज देऊन सोडलं. बाईंचं माझ्याकडं एकच काम, "भाऊ, पेपरात नाव येऊ देऊ नका." म्हटलं, ताई, अठराच्या आतल्या पोराचं नाव छापणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं गुन्हाच आहे, आमचा कुणी छापणार नाही. त्या उठल्या, दारात थांबल्या. "पण भाऊ, ते खेळणं हाय का हत्यार हाय? आम्हाला कुणी धड सांगंना."

कायद्याचं उत्तर असं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद किंवा साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठी नळी असेल तर परवाना लागतो. त्याच्या आत असेल तर लागत नाही, पण विकणाऱ्यानं ओळखपत्र घेऊन नोंद ठेवायची. ऑलिम्पिकमधलं एअर पिस्तूलसुद्धा सहा-साडेसहा ज्यूलच्या आसपासचं असतं. माझं साठ रुपयांचं तर एकाच्या पुढं जात असेल की नाही शंका आहे. पण रस्त्यावर ज्यूल कुणाला दिसतात? दिसतो तो आकार. आणि बाजारानं नेमका आकारच विकायला काढलाय. आमच्या वेळची पिस्तुलं बघून कुणी घाबरत नव्हतं, ती सायकलच्या पंपाची चुलत भावंडं वाटायची. आता नेम लागतो का हे कुणी विचारतच नाही, फोटोत कसं दिसतं हे विचारतात. कायद्याच्या हिशोबानं त्या पोराचं पिस्तूल हत्यार नाही, आणि चार माणसांपुढं काढलं तर ते हत्याराचंच काम करतं. बाईंना मी हे एवढं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे घरात ठेवू नको, असंच ना?" म्हटलं, आत्ता तरी ठेवू नका.

चार दिवसांनी पोरगा स्वतःच आला. आईनं पाठवलं असावं. मी पेटी खाली काढली. गॅट हातात घेऊन म्हणाला, "काका, हे काय, पाण्याची मोटर हाय का?" नळी भिंतीला रेटून दाखवली तेव्हा गप्प झाला. त्याला ती दाबायला तीन वेळा लागलं. बार काही उडाला नाही, वॉशर पार दगड झालाय. पण डायनाची नक्कल अजून चालते. गच्चीवर डबा मांडला, पुठ्ठा लावला, आप्पांचे नियम जसेच्या तसे सांगितले. पोरगं दोन तास हललं नाही. मोबाईल खिशात. वीसाव्या की एकविसाव्या छर्ऱ्याला वाटीच्या गोलात पहिलं भोक पडलं, तेव्हा त्यानं फोटो काढला. पिस्तुलाचा नाही, पुठ्ठ्याचा.

हे बघून मला जे वाटलं ते आपल्या शहराबद्दल आहे. ह्या पोराला जायला जागा कुठली? एअर पिस्तूल १९८८ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. दहा मीटर अंतर, दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, साठ गोळ्या, सव्वा तास. २०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरनं ह्याच प्रकारात पदक आणलं, आणि चार दिवसांनी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये. शिक्षकाचा पोरगा, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, मध्य रेल्वेत नोकरीला. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण घेतलं. सगळे कोल्हापूरकडचे. कोल्हापूरच्या पाण्यात काही वेगळं नाही, दुधाळीला रेंज आहे आणि तिथं शिकवणारी माणसं आहेत. स्पर्धेचं चांगलं पिस्तूल लाखाच्या वर जातं, ते नवी पेठेतल्या सेल्समनच्या पोराला घरी परवडणार नाही. पण एक पिस्तूल दिवसात वीस पोरं वापरू शकतात, आणि दहा मीटर म्हणजे फार तर दोन वर्गखोल्यांची लांबी. शाळेचा एखादा लांब हॉल, मागं जाड भिंत, रजिस्टर, कुलूपबंद कपाट आणि एक कडक मास्तर, एवढ्यात सुरुवात होते. महापालिकेत बसणाऱ्यांनी आणि जिल्हा क्रीडा कार्यालयानं ह्यावर एकदा बोलावं. ह्याच आठवड्यात लेखी निवेदन देणार आहे. बरोबर यायचं असेल तर कळवा.

आणि हो, चपला शिवणारे ते मामा आता नाहीत, अशोक चौकातले अण्णाही नाहीत. जाड चामड्याचा रुपयाएवढा गोल वॉशर, मधे भोक पाडून नीट कापून देणारं सोलापुरात कुणी असेल तर इनबॉक्समध्ये पत्ता टाका. पोरगं रोज विचारायलंय.