वयावरचा आळ

कमरेचा घेर वाढला, की पन्नाशी ओलांडलेली आम्ही मंडळी सारा दोष वयाच्या माथी मारून मोकळी होतो. माझा शिंपीही भला गृहस्थ. 'वयोमानानं व्हायचंच, साहेब!' असे म्हणत तो वाढीव दोन इंच निमूटपणे टिपून घेतो. परंतु १९५६ साली जेरेमी मॉरिसप्रभृती संशोधकांनी लंडनच्या बस-नोकरांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा शिंप्याच्या वहीने निराळीच साक्ष दिली. दुमजली गाडीत दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांपेक्षा, त्याच वयाच्या पण चाकापाशी बसून राहणाऱ्या चालकांच्या विजारी कमरेत अधिक रुंद होत्या! बैठ्या कामाकडे मुळातच स्थूल माणसे वळत असतील, ही शंका रास्त आहे. तथापि वय तर दोघांचे सारखेच होते ना? पुढे २०२१ साली सहा हजारांहून अधिक माणसांच्या मोजणीतून दिसले, की आकारमानाचा हिशेब केला असता शरीराचा ऊर्जाव्यय विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो. उतरती कळा लागते ती त्यानंतर. म्हणजे वयाला बोल लावण्याचा हक्क मिळण्यास मला अद्याप आठ वर्षे अवकाश आहे. आणि आमची कचेरी तिसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट कधीच बंद पडत नाही.