खिडकी

कवितेत मी कुणालाही शिव्या घालतो. पण त्या दिवशी केसपेपरच्या खिडकीसमोर माझी जीभ टाळूला चिकटली.

मी साताऱ्याकडचा. वय २३. सूतगिरणीत रिंग खात्यात कामाला. लघवीला आग व्हायची, खाली जखम झालेली. रात्रपाळी करून, न झोपता, तालुक्याच्या एका सरकारी दवाखान्यात गेलो. रांगेत नंबर आला.

"नाव? आडनाव काय? लगीन झालंय का?"

नाही म्हणालो.

"मग काय होतंय? मोठ्यानं बोल की रं!"

मागं आमच्याच वस्तीतली मावशी उभी. मी म्हणालो, "ताप."

तापाच्या गोळ्या मिळाल्या. त्या घेऊन घरी आलो. आडनाव ऐकून बदलणारी नजर मला लहानपणापासनं ओळखीची. लगीन न झालेल्याची ही लाज मात्र नवी होती. दोन्ही त्या एकाच खिडकीत भेटल्या.

मग जत्रेतल्या तंबूवाल्या वैद्याकडं गेलो. त्यानं जात विचारली नाही, लगीन विचारलं नाही. निम्मा पगार तेवढा काढून घेतला. जखम होती तशीच. आपली पोरं भोंदूकडं का जातात ते तेव्हा कळलं. दवाखाना लाज देतो, भोंदू त्या लाजेवर पोट भरतो.

पुढच्या महिन्यात सांगलीकडच्या गिरणीत काम मिळालं. तिथल्या एका दोस्तानं 'सुरक्षा क्लिनिक'ची खोली दाखवली. सरकारीच, फुकट. आतल्या बाईंनी उठून दार लावलं आणि म्हणाल्या, "बसा." सरकारी जागेत मला कुणी "बसा" म्हणण्याची ही पहिली वेळ. मी सगळं बोललो. औषध मिळालं. बाई म्हणाल्या, "जोडीदारालाही औषध लागतं, नाहीतर रोग फिरून तुमच्याकडंच येईल. घेऊन या, कुणी रागावणार नाही."

ती २१ वर्षांची. ती म्हणाली, "तू पुरुष हायस. तुला बसा म्हणाल्या. मला काय म्हणतील?"

मला उत्तर आलं नाही. दोन आठवडे ती आली नाही. तिसऱ्या आठवड्यात आली, तोंडाला ओढणी बांधून. तिलाही "बसा" म्हणाल्या, तेव्हा तिनं ओढणी सोडली.

आता आपल्या चळवळीचं बोलतो. ७ नोव्हेंबर १९००, साताऱ्याच्या शाळेत भिवाचं नाव दाखल झालं, ही तारीख आपल्याला पाठ. १९३४ पाठ नाही. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देत. त्यावरून खटला झाला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. खटला हरले, पण बाजू सोडली नाही. १० नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षानं मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. तोही पडला. आज जयंतीच्या मंडपात हे काढलं की पोरं खिदळतात, पुढारी डोळे वटारतात.

आणि इथं सांगलीत? १९९२ पासून 'संग्राम' संस्थेच्या कामात धंदा करणाऱ्या बायकांनीच एकमेकींना निरोध वाटले. १९९६ ला वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. गाव ज्यांना नावं ठेवतं, त्यांनी हे केलं. आपण पत्रकं वाटणारे गप्प.

सरकारचे कागद आपल्या बाजूनं आहेत. १० ते १९ वयासाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे; महाराष्ट्रात त्याच्या दवाखान्याला 'मैत्री' म्हणतात. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, गर्भपाताच्या हक्कात लग्न झालेली आणि न झालेली असा भेद चालणार नाही. पण पोरगं कोर्टात जात नाही, खिडकीवर जातं.

म्हणून पुढच्या निवेदनात हे लिहा. खिडकीवर आजार मोठ्यानं विचारू नका. लगीन विचारू नका. खोलीला दार पाहिजे. गिरणीची पाळी सुटल्यावरही दवाखाना उघडा पाहिजे. आणि निवेदन देऊन घरी जाऊ नका. आपल्या तालुक्यातली 'मैत्री'ची खोली कुठं आहे ते बघून या, वस्तीतल्या पोरापोरींना सांगा. कुणी एकटं जायला भीत असेल तर रांगेत त्याच्यामागं तुम्ही उभे राहा. माझ्यामागं त्या दिवशी तुमच्यातला एक जरी असता, तर मी "ताप" म्हणालो नसतो.