तेगेल: पोचवायला येणाऱ्यांचा विमानतळ

बर्लिनचा तेगेल विमानतळ 8 नोव्हेंबर 2020 ला बंद झाला. शेवटचं विमान एअर फ्रान्सचं, पॅरिसला जाणारं. 1960 मध्ये तेगेलवर नियमित प्रवासी सेवा पहिल्यांदा आणली ती याच कंपनीने, म्हणून निघण्याचा मानही तिलाच. खरं तर तेगेल आठ वर्षं आधीच जायचा होता. नवा बीईआर विमानतळ जून 2012 मध्ये उघडणार होता, पण आग लागल्यावर धूर बाहेर काढायची यंत्रणा नीट चालेना. काही आठवड्यांवर आलेला समारंभ रद्द झाला आणि उद्घाटनाला थेट 31 ऑक्टोबर 2020 उजाडला. तोवर काही वर्षं तर वर्षाला दोन कोटींहून जास्त माणसं या म्हाताऱ्या विमानतळाने अंगावर घेतली. त्यात मीही होतो, सोमवारी पहाटे म्युनिकला जाणारा आणि गुरुवारी रात्री परतणारा.

तेगेलची धावपट्टी उपासमारीच्या भीतीतून जन्मली. 1948 मध्ये सोव्हिएत सैन्याने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे अडवल्यावर धान्य, कोळसा सगळं विमानाने आणावं लागलं. तेव्हा हजारो बर्लिनकरांनी, त्यात बायका मोठ्या संख्येने, तीन महिन्यांत ही धावपट्टी बांधून काढली. त्यात पडक्या घरांचा राडारोडाही गेला. पुढे कितीतरी वर्षं तिथे लुफ्थान्साला उतरायची परवानगी नव्हती. पश्चिम बर्लिनला विमानं नेण्याचा हक्क फक्त अमेरिकी, ब्रिटिश आणि फ्रेंच कंपन्यांना. जर्मनांच्या शहरात जर्मन विमान 1990 मध्येच आलं.

मला जिव्हाळा आहे तो 1974 मध्ये उघडलेल्या षटकोनी टर्मिनलचा. माइनहार्ड फॉन गेर्कान आणि फोल्कविन मार्ग यांनी त्याच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली तेव्हा ते नुकतेच शिकून बाहेर पडलेले तरुण होते. त्यांची युक्ती साधी होती. गाडी षटकोनाच्या पोटात आणायची, आपल्या गेटसमोर उतरायचं आणि आत शिरायचं. सामान देण्याचं काउंटर, तपासणी, बसायची जागा, विमान, सगळं एकापाठोपाठ. टॅक्सीपासून विमानापर्यंत काही ठिकाणी जेमतेम तीसेक मीटर. दुकानांच्या गल्ल्यांतून वळवळत जायचं नाही, फिरते पट्टे नाहीत.

याचा एक फायदा आराखड्यात कुणी लिहिला असेल असं वाटत नाही. पोचवायला आलेला माणूस शेवटपर्यंत सोबत थांबू शकायचा. एसटी सुटेपर्यंत खिडकीशी उभं राहून बोलावं, तसं. मोठ्या विमानतळावर तासभर आधीच हात हलवून मोकळं व्हावं लागतं. तेगेलला विमान सुटायला अर्धा तास उरला तरी आम्ही काउंटरपाशी गप्पा मारत असू.

माझा कोल्हापूरचा मित्र पहाटे त्याच्या जुन्या गाडीतून मला सोडायचा. थर्मासमध्ये आलं घातलेला चहा. मी घड्याळ बघितलं की म्हणायचा, "आरं, दार उघडं हाय अजून. च्या संपव की." बर्लिनमध्ये नात्याचं कुणी नसताना एवढ्या पहाटे उठून येणारा माणूस म्हणजे काय, हे परदेशात राहिलेल्यांना सांगायला नको. कामाच्या प्रवासाचं कौतुक नोकरीत नसलेल्यांनाच असतं. हॉटेलची इस्त्री, मीटिंग, पुन्हा बॅग. त्या सगळ्यात घरचं असं काही असेल तर तो चहा.

आणि ती. मूळची लाइपझिगची, नोकरी झुरिकला. शुक्रवारी संध्याकाळी एअर बर्लिनने यायची, रविवारी जायची. एअर बर्लिनमध्ये उतरताना प्रत्येकाच्या हातावर लाल वेष्टनातलं चॉकलेटचं हृदय ठेवत. ती ते खायची नाही, बाहेर येऊन माझ्या खिशात टाकायची. जाहिरातीची वस्तू खरी, पण आम्ही ती जाहिरात मन लावून खाल्ली. सुरुवातीला रविवारी नाव पुकारेपर्यंत आम्ही उभे असायचो. मग हळूहळू ती वेळ असूनही थेट तपासणीकडे जायला लागली. भांडण वगैरे काही नाही. तेगेलने फुकट दिलेली ती वीस मिनिटं दोघांनाही जड जायला लागली, तेव्हाच काय ते समजलं. ऑक्टोबर 2017 मध्ये एअर बर्लिन बंद पडली. त्यांचं शेवटचं विमान म्युनिकहून तेगेललाच आलं. तोवर ती यायची थांबली होती, त्यामुळे दोष कंपनीला देता येत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेगेल चालू ठेवावा का, यावर बर्लिनमध्ये सार्वमत झालं. 56 टक्के लोक 'ठेवा' म्हणाले. आम्हा परदेशी पासपोर्टवाल्यांना मत नव्हतं, आणि निकाल सरकारवर बंधनकारकही नव्हता. बंद करणाऱ्यांची बाजू लंगडी होती असं नाही. विमानं घरांच्या छपरांवरून जायची, रेल्वे तेगेलपर्यंत कधी पोचलीच नाही, सगळा भार बसवर. शिवाय तपासण्या कडक झाल्यावर दर गेटला वेगळी यंत्रणा आणि वेगळी माणसं परवडेनात. जी गोष्ट आम्हाला आवडायची, तीच हिशोबात बसत नव्हती.

गंमत म्हणजे बीईआरही गेर्कान आणि मार्ग यांच्याच संस्थेने आखलेला. रेल्वे थेट टर्मिनलच्या खाली येते, जागा ऐसपैस आहे. मित्र आता मला तिथे सोडायला येत नाही, खरं तर मीच त्याला येऊ देत नाही. एवढ्या लांब येऊन दाराशी पाच मिनिटं उभं राहायचं, कशाला? बीईआर सगळ्या बाबतींत सरस असेल. पोचवायला येणाऱ्याची सोय मात्र तिथे कुणी केलेली नाही.

तेगेलच्या इमारतीत 2021 मध्ये करोनाची लस दिली गेली, पुढच्या वर्षी युक्रेनहून आलेल्यांना तिथे आसरा मिळाला. आता त्या जागेवर नवी वस्ती आणि तंत्रज्ञानाचं केंद्र उभं करायचं चाललं आहे, आणि षटकोनात तांत्रिक शिक्षणाची संस्था येणार आहे. इमारत संरक्षित वास्तू असल्याने पाडली जाणार नाही. बर्लिनला गेलात तर आत फिरवून दाखवणाऱ्या फेरीत जरूर जा, नोंदणी तेवढी आधी करा.